बिब्बा, काजू आणि आंब्याचा चीक : उतण्यावर इलाज आणि एहतियात

मार्च-एप्रिल आला की कोकणातल्या आमच्या शाळांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. वर्गातल्या एखाद्या मुलाचे ओठ सुजलेले असतात, गालावर पाणी भरलेले फोड असतात, एखाद्या मुलीच्या बोटांची सालपटे निघालेली असतात. शेजारचा मुलगा बाक सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. "सर, ह्याला काहीतरी लागलंय, आम्हालाही होईल," असे मागून कोणीतरी म्हणते. घरी विचारले तर कोणी सांगते नजर लागली, कोणी सांगते उष्णता झाली, कोणी म्हणते रक्त बिघडले. मूल मात्र आठ-दहा दिवस तोंड लपवून घरी बसते आणि नेमकी परीक्षा तोंडावर आलेली असते.

बहुतेक वेळा कारण साधे असते. आदल्या एक-दोन दिवसांत ते मूल कैऱ्या पाडायला गेलेले असते, ओले काजूगर काढत असते किंवा काजूबिया भाजत असते. त्याला चीक 'उतलेला' असतो. गावाकडे हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. बिब्बा उततो, काजू उततो, आंब्याचा चीक उततो. शब्द ठाऊक असला तरी तो का उततो, कोणाला उततो आणि उतल्यावर काय करावे, याबद्दल घराघरांत गैरसमज फार आहेत. काही घरगुती उपाय तर दुखणे दुप्पट करणारे आहेत. म्हणून हा लेख.

एकाच घराण्यातली झाडे

आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली मानली जातात. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, बाकी दोन्ही इथलीच. अमेरिकेत रस्त्याकडेला, कुंपणावर उगवणारी 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल याच घराण्यातली. जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाकडी भांड्यांवरचे चकचकीत रोगण बनवतात, ते झाडही याच कुळातले. त्या रोगणाला जपानी भाषेत 'उरुशी' म्हणतात. त्यावरूनच पॉयझन आयव्हीच्या तेलातल्या त्रासदायक द्रव्याला शास्त्रज्ञांनी 'उरुशिऑल' हे नाव दिले.

आंब्याचा चीक, काजूच्या टरफलातले तेल आणि बिब्ब्याचे काळे तेल यांत याच द्रव्याची जवळची भावंडे असतात. म्हणूनच ज्याला एक उततो त्याला दुसरेही उतण्याची शक्यता असते. १९८२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात काजूची पाकिटे विकली गेली आणि ती खाणाऱ्यांपैकी ५४ जणांच्या अंगावर पॉयझन आयव्हीसारखेच पुरळ उठले. तपासात आढळले की त्या काजूंमध्ये टरफलाचे तुकडे राहून गेले होते. दोष काजूगराचा नव्हता. ईदच्या शीरखुर्म्यात आपण जो नीट सोललेला, भाजलेला काजू घालतो त्याने सहसा कोणाला उतत नाही. उतते ते टरफलातले तेल.

बिब्ब्याची ताकद तर आपल्या बोलीतही उतरली आहे. चांगल्या कामात कोणी मोडता घातला की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचे तेल चुन्यात मिसळून वापरत. ती खूण धुतली तरी जात नसे. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'खूण करणारे फळ' असाच आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर जिथे कपड्याची धोबीखूण टेकायची नेमके तिथेच पुरळ उठे. लष्करी डॉक्टरांनी त्याला धोबीखुणेचेच नाव दिले.

उर्दूत बिब्ब्याला भिलावाँ म्हणतात. युनानी हकीम त्याला बलादुर म्हणतात. 'फुतूहुल बुल्दान' हा प्रसिद्ध इतिहासग्रंथ लिहिणारे नवव्या शतकातले इतिहासकार अल-बलाज़ुरी यांचे नावच या फळावरून पडले. स्मरणशक्ती तल्लख व्हावी म्हणून बलाज़ुरचा रस घेतला गेला आणि त्यातून बुद्धीवर परिणाम झाला, अशी कथा सांगितली जाते. कोणी ती स्वतः बलाज़ुरींबद्दल सांगतात, कोणी त्यांच्या आजोबांबद्दल. कथा कोणाचीही असो, हे फळ जपून हाताळायचे आहे हे हजार वर्षांपूर्वीही लोकांना माहीत होते. वैद्य मंडळी बिब्बा विटेच्या भुकटीत घोळून त्याचे तेल शोषून घेतल्याशिवाय औषधात वापरत नाहीत, हकीमही त्याचे शोधन करूनच वापरतात. आपण मात्र बाजारातून बिब्बा आणतो, सुईला टोचून दिव्यावर धरतो आणि तेल थेट टाचेच्या भेगेत भरतो.

अंगात नेमके काय घडते?

चीक दोन तऱ्हांनी त्रास देतो. एक, तो स्वतःच दाहक असतो. कैरीचे देठ मोडताना उडालेली चिळकांडी ओठाला किंवा डोळ्याजवळ लागली तर लगेच चुरचुरते आणि कातडी भाजल्यासारखी काळी पडते. काजूचे आणि बिब्ब्याचे तेलही असेच चटका देते.

दुसरा त्रास उशिरा येतो आणि लोक फसतात तो इथेच. आपल्या शरीरात अल्लाहने पहारेकरी पेशी ठेवल्या आहेत. चिकातले द्रव्य कातडीत मुरले की या पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. पहिल्या वेळी ही ओळख पटायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. काही वेळा त्या वेळी काहीच दिसत नाही. पण पुढच्या वेळी तोच चीक लागला की एक-दोन दिवसांत पहारेकरी धावून येतात. जागा लाल होते, भयंकर खाज सुटते, सूज येते आणि पाण्याने भरलेले फोड उठतात. हे एक ते तीन आठवडे चालते.

म्हणूनच "मी लहानपणापासून काजू सोलते, मला कधी झालं नाही, आत्ताच कसं झालं?" या प्रश्नाला उत्तर आहे. ओळख कधीही पटू शकते. एकाच घरात थोरल्या भावाला काही होत नाही आणि धाकटीचे तोंड सुजते, हेही त्यामुळेच. यात कोणाच्या अस्वच्छतेचा प्रश्न नाही आणि नजरेचाही नाही.

खाजकुइली वेगळी. तिची लव अंगाला लागली की त्याच क्षणी खाज सुटते. चिकाची खाज एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे मूल खाजवत आले तर "आज कुठे गेला होतास?" एवढेच विचारून थांबू नये. "काल-परवा कुठे होतास?" हेही विचारावे.

हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही

ही गोष्ट प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. फोडातल्या पाण्यात चीक नसतो. ते आपल्याच शरीराचे पाणी असते. ते फुटून शेजारच्याला लागले तरी त्याला काही होत नाही, रुग्णाच्या दुसऱ्या अवयवालाही लागत नाही.

मग आज हातावर आणि परवा पोटावर कसे येते? जिथे चीक जास्त लागला किंवा कातडी नाजूक आहे तिथे आधी उठते, जिथे कमी लागला किंवा कातडी जाड आहे तिथे नंतर. दुसरे कारण असे की नखांखाली, शर्टाच्या बाहीला, कोयत्याच्या मुठीला चीक राहिलेला असतो आणि तो पुन्हा पुन्हा लागत राहतो. असे तेल वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकू शकते. गेल्या वर्षीचे न धुतलेले हातमोजे या वर्षी त्रास देऊ शकतात. तेव्हा पसरते ती लागण नसून राहून गेलेला चीक असतो.

त्यामुळे अशा मुलाला वर्गाबाहेर बसवू नये, त्याचे ताट-पेला वेगळा करू नये, त्याला मशिदीत किंवा मदरशात जायला मनाई करू नये. त्याला बरे वाटत असेल तर शाळेत येऊ द्यावे. फोडांपेक्षा बाजूला सारले गेल्याचे दुःख मुलाला जास्त दिवस लक्षात राहते.

चीक लागला तर : पहिली दहा मिनिटे

चीक लागल्यापासून कातडीत मुरायला थोडा वेळ लागतो. तोपर्यंत तो धुऊन टाकला तर पुढचा त्रास टळू शकतो किंवा खूप कमी होतो. म्हणून :

१. लगेच, शक्य तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, साबण आणि भरपूर थंड पाण्याने धुवावे. चीक तेलकट असतो, नुसत्या पाण्याने जात नाही. भांडी घासायचा साबणही चालेल. दोन-तीनदा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावे.

२. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, अंगठी आणि बांगड्यांच्या खाली धुवावे. हात नीट धुईपर्यंत डोळ्यांना, ओठांना, लघवीच्या जागी हात लावू नये. मुलांच्या नाजूक जागी फोड येतात ते बहुतेक न धुतलेल्या हातांमुळे.

३. चीक वाळून चिकटला असेल तर आधी खोबरेल तेलाने मऊ करून कापडाने टिपावा, मग साबणाने तेलही धुऊन काढावे. नुसते तेल चोळून सोडले तर चीक आणखी पसरतो.

४. डोळ्यात उडाला तर चोळू नये. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि डॉक्टरांकडे जावे.

५. अंगावरचे कपडे, कोयती, सुरी, झेल्याची काठी, हातमोजे सगळे साबणाने धुवावे. कपडे घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नयेत.

तास-दोन तास उलटून गेले असले तरी धुवावे. मुरलेला निघणार नाही, पण वर राहिलेला इतरत्र पसरणार नाही.

उतल्यानंतर

एकदा पुरळ उठले की ते आपल्या वेळेनेच बरे होते. आपले काम खाज कमी करणे आणि जखमेत जंतू जाऊ न देणे एवढेच आहे. स्वच्छ सुती कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, फोडांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे केले की आग शमते. कॅलामाइन लोशन औषधाच्या दुकानात मिळते, ते लावल्याने खाज कमी होते. नखे कापावीत. लहान मुलांना रात्री सुती मोजे हातांत घालावेत. सैल सुती कपडे घालावेत. फोड मुद्दाम फोडू नयेत, फुटलाच तर वरची कातडी ओढून काढू नये. तीच खालच्या जखमेचे झाकण असते.

खाजेमुळे झोप लागत नसेल तर डॉक्टर गोळी देतात. तिने झोप लागते, पुरळ लवकर जात नाही, हे लक्षात ठेवावे.

हे करू नये

गरम पाण्याने शेकू नये. त्या क्षणी बरे वाटते, नंतर खाज दुप्पट होते. चुना, टूथपेस्ट, तंबाखूचे पाणी, जंतुनाशकाचे तीव्र द्रावण लावू नये. काजूचे तेल काढायला रॉकेलने हात धुण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. रॉकेल कातडीचे स्वतःचे तेलही काढून घेते आणि चिरा पडतात.

औषध दुकानदाराला विचारून कुठलेही मलम आणू नये. खाज, नायटा, गजकर्ण सगळ्यावर एकच म्हणून जी मलमे विकली जातात, त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असते. चेहऱ्यावर आणि लहान मुलांच्या अंगावर ती वापरली की कातडी पातळ होते, चट्टे पडतात. स्टिरॉइडचे मलम वाईट नाही. डॉक्टरांनी जागा पाहून, किती दिवस हे सांगून दिले तर ते फायद्याचे आहे.

बिब्ब्याबद्दल हात जोडून सांगावेसे वाटते. तान्ह्या बाळाच्या पोटावर किंवा कपाळावर बिब्ब्याचा ठिपका देण्याची, दारावरच्या लिंबू-मिरचीत बिब्बा ओवण्याची चाल आपल्याही काही घरांत शिरली आहे. बाळाची कातडी अत्यंत नाजूक असते. तिथे पडलेला फोड पिकला तर जीवावर बेतू शकते. गुडघा दुखतो, पाय मुरगळला, टाचेला भेग पडली म्हणूनही घरच्या घरी बिब्बा लावू नये. मधुमेह असलेल्या नाना-नानींनी तर मुळीच नाही. त्यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

चेहरा, डोळे किंवा लघवीची जागा सुजली असेल, पुरळ अंगाच्या मोठ्या भागावर असेल, ताप आला किंवा फोडांत पू झाला असेल, किंवा दोन आठवड्यांत उतार पडत नसेल तर थांबू नये. धुरामुळे खोकला, दम लागणे सुरू झाले तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. त्रास मोठा असेल तेव्हा डॉक्टर पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्या दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत बंद करतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर पुरळ पुन्हा उसळते. जाताना डॉक्टरांना आंबा, काजू, बिब्ब्याचा संबंध आवर्जून सांगावा. शहरातल्या डॉक्टरला आपले मूल काजूबिया भाजत होते हे आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

हातावर फोड असताना वुज़ूचे काय, असे भगिनी विचारतात. थंड पाणी साधारणपणे या पुरळाला बाधत नाही, उलट बरे वाटते. चोळण्याऐवजी हलके पाणी ओतावे आणि टिपून घ्यावे. जखम उघडी असेल, पट्टी बांधली असेल किंवा डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटले असेल तर शरिअतमध्ये सवलत आहे. पट्टीवर मसह आणि तयम्मुमचे मसले आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत. नमाज सुटू नये आणि जखमही चिघळू नये.

उतूच नये म्हणून

आंबा काढताना देठ ठेवून काढावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' याच कामासाठी आहे. फळ देठासकट उतरते, चीक फळावर ओघळत नाही आणि माणसावरही उडत नाही. घरी देठ मोडताना फळ तोंडापासून लांब, देठ खाली करून धरावे आणि चीक निथळू द्यावा. मग आंबे तासभर पाण्यात ठेवून, चोळून धुवावेत. ज्याला उततो त्याने साल दातांनी ओढू नये. दुसऱ्या कोणी साल काढून फोडी करून दिल्या तर बहुतेकांना आंबा खाता येतो. आंब्याच्या पानाने किंवा काडीने दात घासण्याची सवय असलेल्यांचे ओठ वारंवार उतत असतील तर कारण तेच असू शकते. लोणच्याच्या कैऱ्या चिरताना हातमोजे घालावेत.

काजूबिया घरात, बंद पडवीत भाजू नयेत. तेल पेटते, उडते आणि त्याचा धूर श्वासात गेला तर छातीत त्रास होतो. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून भाजाव्यात आणि मुलांना लांब ठेवावे. चुलीत जळण म्हणून टरफले घालू नयेत. काजूच्या तेलाने हातावर नाव उमटवण्याचा मुलांचा खेळ तर आजच बंद करावा. ती खूण नसून भाजलेली जखम असते.

सर्वात जास्त सोसतात त्या काजू फोडणाऱ्या आणि ओले काजूगर काढणाऱ्या आपल्या बायका. वेंगुर्ला-सावंतवाडी, आजरा-चंदगड भागातल्या कारखान्यांत आणि गावोगावच्या पडव्यांत त्या बसतात. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचीही तीच कथा. लाडवातली गोडंबी आपण चवीने खातो, ती काढणारीची बोटे काळी पडलेली असतात. हात उतला की काम बंद, काम बंद की मजुरी बंद. घरी मुलगी बघायला पाहुणे आले की हात ओढणीखाली लपवायचे. राख किंवा खोबरेल, एरंडेल तेल हाताला लावून बसण्याची त्यांची जुनी पद्धत उपयोगी आहे, पण ती पुरेशी नाही. जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि काम संपल्यावर साबण-पाणी हा त्यांचा हक्क आहे. ज्यांच्या बागा आहेत, ज्यांचे कारखाने आहेत त्या आपल्या बांधवांनी मजुरीबरोबर हातमोजे आणि साबणही द्यावा. काम करणाऱ्याच्या जिवाची काळजी घेणे हे मालकाचे फर्ज आहे.

परदेशातल्या आप्तांसाठी

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत न्यू जर्सी, शिकागोकडे आहेत त्यांनी त्यांना एवढे कळवावे : बागेच्या कडेला, कुंपणावर, झाडाच्या बुंध्यावर तीन-तीन पानांचे झुपके असलेली वेल दिसली तर हात लावू नये. शरद ऋतूत ती सुंदर लाल होते आणि मुले पाने गोळा करायला धावतात. हिवाळ्यात पाने झडली तरी नुसत्या वेलीतही तेल असते. कॅलिफोर्नियाकडे तिची बहीण 'पॉयझन ओक' आढळते. ती वेल कापून जाळू नये, धुरातूनही त्रास होतो. वर सांगितलेले साबण-पाणी आणि इलाज तिथेही तेच. आणि ज्यांना तिथे पॉयझन आयव्ही उतलेली आहे ते सुट्टीत गावी आले तर त्यांच्या हाती हापूस सोलूनच द्यावा.

या हंगामात प्रत्येक बागेच्या बांधावर, काजूच्या प्रत्येक पडवीत एक पाण्याने भरलेली बादली आणि एक साबणाची वडी ठेवायची, एवढे घरोघरी ठरवले तरी पुष्कळ मुलांचे चेहरे वाचतील. आणि तरीही एखादे मूल फोड घेऊन वर्गात आले तर त्याला त्याच्या जागेवर, त्याच्या सोबत्याशेजारीच बसू द्यावे.